कुलपावरचे दोन ओरखडे

बावीस वर्षं मी लोकांना कुलूप लावायला शिकवलं. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ द्या. चाकणला आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. तिथे मशीन दुरुस्त करायला जो फिटर आत शिरतो, तो आधी मेन स्विच बंद करतो आणि त्यावर स्वतःचं लाल कुलूप अडकवतो. कुलपावर त्याचा फोटो आणि नाव, चावी त्याच्याच खिशात. पाच जण आत गेले तर पाच कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय मशीन चालू होत नाही, आणि म्हणून माणसं दोन हात, दोन पाय घेऊन घरी जातात.

नवा फिटर आला की त्याचा पहिला दिवस माझ्याकडे असायचा. शहाणपणा करणाऱ्याला मी सोडत नसे. एका ट्रेनी इंजिनियरला मी भर वर्कशॉपमध्ये झापलं होतं, तो आज आमचा प्लँट हेड आहे आणि अजून मला बघून हेल्मेटचा पट्टा आवळतो. मला सगळे उस्ताद म्हणायचे. हे नाव मला कोणी फुकट दिलं नव्हतं. औशाहून आयटीआय करून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या ज्योतीरामने ते कमावलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मला मशीनवरून काढलं आणि स्टोअरच्या खिडकीत नटबोल्ट द्यायला बसवलं. कारण असं की मशीन चालू करायला माझा हात धजेना. सगळी कुलपं निघालेली असायची, सगळे फिटर बाहेर उभे, मोजून झालेले, तरी मी बॅटरी घेऊन आत वाकून बघायचो. पुन्हा बघायचो. एकदा अकरा वेळा बघितलं. लाईन थांबलेली, सुपरवायझर डोक्यावर, आणि मी मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेलो. घरीही तेच. चिखलीच्या आमच्या दोन खोल्यांत रोज झोपायच्या आधी मी गॅसचं बटण सात-आठ वेळा चाचपायचो. बायको म्हणायची, "अहो, बंदच हाय की ओ ते. किती येळा पिळताव?" मी तिच्यावर खेकसायचो.

मग यंदा फेब्रुवारीत एचआरच्या प्रीतम साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "आठ वेळा काउन्सिलर मॅडमकडे जायचं. त्यांनी तुम्ही तयार आहात असं सांगितलं तर मशीन परत. नाहीतर रिटायर होईपर्यंत स्टोअर." माझं लाल कुलूप त्यांनी काढून घेतलं नाही, तेवढी मेहेरबानी. ते मी पँटच्या खिशात घेऊन फिरायचो. स्टोअरच्या खिडकीत कुलपाचं काय काम?

लोक काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. उस्ताद सटकला. ज्यांना मी पाना धरायला शिकवलं ती माणसं खिडकीशी आली की चिठ्ठी पुढे करायची आणि दुसरीकडे बघायची. उस्ताद म्हणणं तर बंदच झालं होतं.

मॅडम चिंचवडहून यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. नाव वर्षाली. वय असेल तिशीच्या आतबाहेर. फर्स्ट एडच्या शेजारची खोली त्यांना दिली होती. दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीशी चार कप्प्यांचं लोखंडी लॉकर, ज्यात त्या फायली ठेवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?"

"ज्योतीराम म्हणा," मी म्हणालो. उस्ताद म्हणा असं स्वतःच्या तोंडाने सांगण्याइतका मी पडलो नव्हतो.

त्यांनी फिरवाफिरव केली नाही. म्हणाल्या, "मी एचआरला दोनच गोष्टी सांगणार. तुम्ही आलात की नाही, आणि शेवटी तुम्ही कामावर जायला तयार आहात असं मला वाटतं की नाही. तुम्ही काय बोललात ते मी कोणालाही सांगणार नाही. याला एकच अपवाद आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला आता धोका आहे असं दिसलं, तर मला गप्प बसता येणार नाही. आणि तेव्हाही आधी तुम्हाला सांगेन."

अपवाद आधीच सांगणारं माणूस मला कंपनीत पहिल्यांदा भेटलं. तरी मी बोललो नाही. गोड बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलेली आहेत. मी हाताची घडी घालून पंचेचाळीस मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. दुसऱ्या वेळीही तेच. मॅडम मधूनमधून काहीतरी विचारायच्या, मी हो किंवा नाही म्हणायचो, आणि वेळ संपली की उठायचो.

आणि मग त्यांनी घोळ घातला. एका मंगळवारी कँटीनमध्ये मी ताट घेऊन रांगेत उभा होतो. मॅडम समोरून आल्या आणि छान हसून म्हणाल्या, "कसे आहात ज्योतीराम? झोप लागतेय का आता?"

अख्खी रांग वळली. पुढे प्रेस शॉपचे चौघे, मागे मेंटेनन्सचे सगळे. कोणीतरी मागून हळूच हसलं. मी ताट तसंच परत ठेवलं आणि स्टोअरमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी मी जेवलो नाही. इतका संताप झाला होता की समोर कोणी आलं असतं तर मी नटांचा डबा फेकून मारला असता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी खोलीत शिरलो तो भांडायच्याच तयारीने. पण मी बसायच्या आधी त्याच उभ्या राहिल्या. "मंगळवारी माझं चुकलं," म्हणाल्या. "तुम्ही इथे येता हे तिथे सगळ्यांसमोर मी उघड केलं. कारण काहीही असो, ते माझ्या कामाच्या विरुद्ध होतं. यापुढे या खोलीबाहेर तुम्ही ओळख दाखवलीत तरच मी दाखवेन. नाही दाखवलीत तर आपण अनोळखी."

एवढंच. 'पण' नाही, 'मला वाटलं' नाही, 'तुम्ही गैरसमज करून घेतला' नाही. बावीस वर्षांत मी कितीतरी साहेबांच्या चुका निस्तरल्या, पण 'माझं चुकलं' या दोन शब्दांवर थांबलेला साहेब मला आठवेना. माझा सगळा दारूगोळा भिजून गेला. मी खाली बसलो.

आणि बसल्यावर जे मनात होतं ते बोलून टाकलं. "मॅडम, त्या लॉकरची दुसरी चावी एचआरच्या ड्रॉवरमध्ये असते. मीच करून दिलीये. तुम्ही इथे काय लिहिता ते कोणीही वाचू शकतं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीतच नव्हतं. ते खोटं नव्हतं. खोटा चेहरा मला कळतो. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही बोलत नाही ते बरोबरच आहे. मी काय करावं? फाईल घरी नेऊ का?"

"कंपनीचा कागद गेटबाहेर जात नाही," मी म्हणालो. "थांबा."

मी स्टोअरमधून एक कडी आणि दोन स्क्रू आणले, मेंटेनन्समधून ड्रिल मागून घेतलं आणि लॉकरच्या सगळ्यात खालच्या कप्प्याला कडी बसवली. त्या फाईल माझ्यासमोर आत ठेवून बाजूला झाल्या. मी खिशातलं लाल कुलूप काढून त्या कडीत अडकवलं. कुलपावर माझा फोटो, अठ्ठावीस वर्षांचा असतानाचा, भरघोस केसांचा. चावी माझ्या खिशात.

"नियम असा," मी त्यांना सांगितलं, जसा नव्या फिटरला सांगतो तसा. "ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तो नसेल तर त्याला बोलवायचं, तो येईपर्यंत थांबायचं. तुम्हालाही फाईल लागली तर मला बोलवा."

"समजलं," मॅडम म्हणाल्या, आणि नव्या फिटरसारखीच मान हलवली. मला मजा वाटली. खूप महिन्यांनी मी कोणाला तरी काहीतरी शिकवलं होतं.

त्यानंतरच्या दोन वेळा मी थोडं बोललो. लेकीचं, अपेक्षाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे ते. चिखलीत पाण्याचा टँकर कधी येतो ते. गॅसच्या बटणाचंही सांगितलं. पण खरं जे होतं त्याच्या जवळपास मी गेलो नाही. प्रत्येक वेळी सुरुवातीला मी कुलूप काढायचो, त्या फाईल घ्यायच्या, शेवटी ठेवायच्या, मी कुलूप लावायचो. मॅडमनी एकदाही त्याला हात लावला नाही.

सहाव्या वेळी मी चावी घेऊन लॉकरसमोर वाकलो आणि थांबलो. कुलपाच्या दांड्यावर दोन ओरखडे होते. ताजे. लोखंड आतून चकचकत होतं. हॅक्सॉ ब्लेडचे ओरखडे मला अंधारातही बोटाने ओळखता येतात. कोणीतरी माझं कुलूप कापायला बसलं होतं.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "हे काय हाय?" मी ओरडलो. "चार दिवस धीर निघाला नाही का? माझ्यासमोर मान हलवायची, आन् पाठीमागं ब्लेड चालवायचं? कोणाला दाखवलीत फाईल? बोला की आता."

मॅडम उभ्या होत्या. उजव्या अंगठ्याला त्यांच्या पट्टी बांधलेली होती, ती मी बघितली आणि सोडून दिली. त्या म्हणाल्या, "कुलूप उघडलं गेलंय का, ते आधी बघा. फाईल तुमचीच आहे, वाचा."

कुलूप शाबूत होतं. मी ते काढलं, फाईल ओढली आणि तिथेच खाली फरशीवर बसून उघडली. पाच पानं होती. प्रत्येक पानावर तारीख आणि एक ओळ. पहिल्यावर: ज्योतीराम आले, बसले. दुसऱ्यावर: आले, बसले. तिसऱ्यावर: माझी चूक मी कबूल केली, त्यांनी कुलूप लावलं. चौथ्या आणि पाचव्यावर: गप्पा झाल्या. बस. लेकीचं नाव नाही, गॅसचं बटण नाही, काही नाही.

मी फाईल परत ठेवली, कुलूप लावलं आणि न बोलता निघून आलो.

दुपारी समाधान स्टोअरच्या खिडकीशी आला. हा मेंटेनन्समधला फिटर, इथल्याच जुन्या गावचा, माझ्या हाताखाली शिकलेला. चिठ्ठी नव्हती त्याच्याकडे. इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुमाला सांगायचं व्हतं. ते ओरखडं माझं हायती."

मी हातातला नटांचा डबा खाली ठेवला.

"सोमवारी प्रीतम सायबांनी बोलवलं. मॅडमचा तो दिवस न्हाई. म्हणलं, लॉकरचं कुलूप जाम झालंय, काप. बोल्ट कटर आता सेफ्टीवाल्यांकडं असतंय, म्हणून मी ब्लेड घेऊन ग्येलो. दोन घासं मारलं आन् फोटो दिसला तुमचा. हात थांबला माझा. साहेब म्हणत्यात, थांबलास का? मिटिंगला रिपोर्ट पायजेल, पाच येळा झालं तरी बाईनं कागद दिला न्हाई. तेवढ्यात ती आली. कुठल्या कामानं आली व्हती ठाव न्हाई. आली ती सरळ कुलपावर हात ठेवला. माझं ब्लेड तितंच व्हतं, अंगठ्याला लागलं तिच्या."

"मग?"

"मग म्हणली, ह्या कुलपावर ज्याचा फोटो आहे त्याला बोलवा. तो येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. साहेब म्हणलं, मॅडम, हे काय मशीन हाय का? तर म्हणली, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय, वाचून घ्या. साहेब लई तापलं. म्हणलं, तुमचं कॉन्ट्रॅक्ट बघावं लागंल. ती म्हणली, बघा. पण हात काय काढला न्हाई तिनं. रगात गळत व्हतं, तरी न्हाई काढला." समाधान खाली बघून म्हणाला, "मला लाज वाटली, उस्ताद. नियम तुमी मला शिकवला व्हता."

किती महिन्यांनी ते नाव माझ्या कानावर पडलं. पण मला आनंद झाला नाही. समाधान गेल्यावर मी नटांच्या रॅकमागे जाऊन उभा राहिलो आणि रडलो. छप्पन्न किलोचे गिअरबॉक्स खांद्यावर उचलणारा माणूस मी, रॅकला कपाळ टेकून रडलो. का रडलो ते मला पुरतं माहीत होतं.

शुक्रवारी मी वेळेच्या दहा मिनिटं आधी गेलो. कुलूप काढलं नाही. खुर्ची ओढून समोर बसलो आणि विचारलं, "आत काहीच नव्हतं. पाच ओळी होत्या. त्या दाखवल्या असत्या तर साहेब गप्प बसले असते, तुमचं कॉन्ट्रॅक्टही धोक्यात आलं नसतं. मग अडवलंत कशाला?"

मॅडमना माझा प्रश्नच नीट कळला नाही असं वाटलं. "कुलूप तुमचं होतं," त्या म्हणाल्या.

"आणि मला सांगितलं का नाही? मी एवढा बोललो तुम्हाला."

"सांगितलं असतं तर ते उपकार झाले असते. तुम्ही त्या ओझ्याखाली बोलला असता. ते मला नको होतं."

मग मी बोललो. एका दमात, मध्ये न थांबता, बहुतेक सगळं त्या लॉकरकडे बघून.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी, शटडाउनमध्ये, पार्ट धुण्याच्या मशीनचं काम होतं. बोगद्यासारखं लांब मशीन, माणूस वाकून आत शिरतो. दुपारी चारला चालू करायचं होतं. सहातली पाच कुलपं निघाली, रोहिदासचं राहिलं. रोहिदास आमच्याच भागातला, निलंग्याकडचा, सरळ माणूस. फोन लावला, उचलेना. गेटवर विचारलं, म्हणाले बस गेली. कोणीतरी म्हणालं, पार्किंगकडे जाताना दिसला. मी ठरवलं, कुलूप काढायचं विसरून घरी गेला. आता नियम काय? माणूस स्वतः येईपर्यंत थांबायचं. फारच अडलं तर दोघांच्या सह्या घेऊन, आत कोणी नाही हे दोघांनी बघून, मग कटर. आणि कटरची चावी कोणाकडे? माझ्याच कमरेला. हा नियम शिकवणारा मीच. मला वाटलं, उस्तादाला सही कशाला लागते? मी एकट्याने कटर आणला, रोहिदासचं कुलूप कापलं आणि स्विचला हात घातला.

तेव्हा मशीनच्या आत पाना पडल्याचा आवाज आला.

रोहिदास आत होता. आत विसरलेला पाना शोधायला परत शिरला होता, मोबाईल बाहेर पेटीत ठेवून. मी हात मागे घेतला. कापलेलं कुलूप खिशात टाकलं आणि त्याच्या जागी माझं स्वतःचं लावलं, हेच, जे आता लॉकरला आहे. तो बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, "तुझ्या कुलपाची कडी गेली होती, म्हणून माझं लावून ठेवलं." तो हसला. म्हणाला, "तुम्ही हाव म्हणून आमी बिनघोर आत जाताव, उस्ताद." त्याने माझे आभार मानले.

"ते ऐकल्यापासून माझा हात चालत नाही," मी मॅडमना म्हणालो. "लोकांना वाटतं मी मशीनला भितो. मी मशीनला भीत नाही. मी माझ्या हाताला भितो. तुम्ही रिकाम्या कप्प्यावरचं कुलूप कापू दिलं नाही. मी आत जिता माणूस असताना कापलं."

मॅडमचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग म्हणाल्या, "चौदा महिने तुम्ही हे एकट्याने उचललंत."

"आता तुम्ही सांगणार का?"

"नाही. तुम्ही आज मशीनवर नाही, कोणाच्या जिवाला आज धोका नाही. हे तुमचं आहे. सांगायचं की नाही, कोणाला, कधी, ते तुम्ही ठरवायचं. काहीही ठरवलंत तरी पुढच्या वेळी मी इथे असेन."

मी ठरवायला दोन दिवस घेतले. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली, पीठभरल्या हातांनी तशीच बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "त्या बिचाऱ्याला तरी सांगा ओ." नोकरी जाईल का, हे तिने विचारलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

सोमवारी सकाळी मेंटेनन्सची सेफ्टी मीटिंग असते, उभ्या उभ्या दहा मिनिटांची. प्लँट हेड येतात, त्या दिवशी प्रीतम साहेबही होते. मी हात वर करून पुढे गेलो. पूर्वी मी त्याच जागी उभा राहून शिकवायचो. मी जानेवारीतली सगळी गोष्ट सांगितली, कापलेलं कुलूप खिशातून काढून टेबलावर ठेवलं, आणि रोहिदासकडे बघून म्हणालो, "माझं चुकलं." तिथेच थांबलो. 'पण' लावला नाही. थांबायचं कुठे, हे मी एका तिशीतल्या पोरीकडून शिकलो होतो.

रोहिदासने टेबलावरचं आपलं कुलूप उचललं, उलटसुलट बघितलं, खिशात घातलं आणि निघून गेला.

मला तीन दिवस घरी बसवलं आणि ताकीद दिली. बावीस वर्षांतलं पहिलं ताकीदपत्र. सांगायला हरकत नाही, माझ्या कौतुकाच्या प्रमाणपत्रांपेक्षा त्या कागदाची मला जास्त किंमत वाटते. आठव्या बैठकीनंतर मॅडमनी एचआरला एकच ओळ पाठवली: तयार आहेत. प्लँट हेडने मला मशीन परत दिलं. कटरची चावी आणि ट्रेनिंग दिलं नाही. त्याने योग्यच केलं. मी असतो तर तेच केलं असतं.

कामावर रुजू व्हायच्या दिवशी मी लॉकरवरचं माझं कुलूप काढलं. सेफ्टीवाले म्हणाले, दांड्यावर ओरखडे आहेत, नवीन घ्या. मी म्हणालो, दोन ओरखड्यांनी काही होत नाही, ओढून तपासा. त्यांनी तपासलं आणि परत दिलं.

रुजू झाल्यावरही रोहिदास आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या मागे लागलो नाही. त्याला हक्क होता. नवव्या दिवशी त्याच मशीनचा पंप बिघडला. आम्ही चौघे गेलो. स्विच पाडला, चौघांनी कुलपं लावली. काम संपलं, तीन कुलपं निघाली, आणि रोहिदास एक शेवटचा नट आवळायला परत आत निघाला. बोगद्याच्या तोंडाशी तो थांबला. मागे न बघताच म्हणाला, "उस्ताद, तुम्ही स्विचपाशी थांबा. दुसरं कुणी नको."

मी थांबलो. आतून पान्याचा आवाज येत होता आणि मी त्याच्या कुलपासमोर, हात मागे बांधून, ताठ उभा होतो. तो बाहेर आला, त्याने त्याचं कुलूप काढलं. मी बॅटरी घेऊन आत बघितलं. एकदा. आणि मशीन चालू केलं.

तो शुक्रवार होता. दुपारी कँटीनमध्ये गर्दी होती. मॅडम ताट घेऊन रांगेतून बाहेर आल्या, माझ्या टेबलाजवळून गेल्या, आणि ठरल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्यावर पांढरी रेघ उरली होती. प्रेस शॉपचे तेच चौघे शेजारच्या टेबलावर होते.

मी उभा राहिलो. "मॅडम," मी हाक मारली, शॉपमध्ये मारतो तशी, म्हणजे अख्ख्या कँटीनला ऐकू गेली. "इकडे या. इथे जागा आहे."

रोहिदास आणि समाधान सरकले. मॅडम आल्या, ताट ठेवलं. रोहिदासने माझ्याकडे बघितलं, ह्या कोण, म्हणून.

"ह्या वर्षाली मॅडम," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी ह्यांच्याकडे आठ वेळा गेलो होतो. आणखी काही वेळा जाणार आहे."

समाधानने त्यांच्यापुढे मिठाची वाटी सरकवली, आणि आम्ही जेवायला लागलो.